तकम्याची कड : मराठा शिपायांच्या सेवेचे एक उपेक्षित साधन

मराठी मुलखातील लष्करी पेशाच्या घराण्यांत पूर्वजांच्या चाकरीची जी चिन्हे मागे उरली आहेत, त्यांत युद्धपदकांचे, म्हणजे घरोघरच्या भाषेत 'तकम्यां'चे, प्रमाण मोठे आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूंच्या घरांत असा तकमा कधी देवघरात, कधी ट्रंकेच्या तळाशी कागदांत गुंडाळलेला आढळतो. दसऱ्यास तो शस्त्रांच्या शेजारी पूजेतही मांडला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्याची दखल फारशी घेतलेली नाही. आपल्या संशोधनाची परंपरा दप्तरांवर पोसलेली आहे. सरदाराची सनद असते, इनामदाराचा महजर असतो. पायदळातील साध्या शिपायाच्या नावे असा कागद सहसा निघत नाही. त्याच्यापुरते पाहता तकमा हाच लेख होय, आणि तो वाचावयाचा तो दर्शनी बाजूने नव्हे, तर कडेवरून.

हे विधान पहिल्या महायुद्धातील पदकांवरून स्पष्ट करता येते. त्या युद्धातील सैनिकांना मिळालेल्या मोहीम-पदकांपैकी तीन येथे प्रमुख होत. कांशाचा १९१४-१५ चा तारा, चांदीचे ब्रिटिश युद्धपदक आणि पंखधारी विजयदेवतेची आकृती असलेले विजयपदक. चांदीच्या पदकाच्या एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस एक विवस्त्र घोडेस्वार आहे. हा घोडेस्वार पाहून आपले पणजोबा रिसाल्यात होते असा समज वंशजांनी करून घेणे स्वाभाविक आहे. परंतु ते चित्र लक्षावधी पदकांवर सारखेच आहे. शिपायाविषयी ते काहीच सांगत नाही. सांगते ती कड. तिच्यावर रोमन लिपीत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही चार माहिती ठोकलेली असते. ताऱ्याला अशी कड नसल्याने तीच अक्षरे त्याच्या पाठीवर सापडतात.

या चारांपैकी पलटणीचा आकडा सर्वांत बोलका, आणि सर्वांत फसवाही. १९०३ साली किचनेरच्या पुनर्रचनेत मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींच्या मूळ आकड्यांत शंभर मिळविण्यात आले. म्हणून १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणींचे पूर्वीचे आकडे शंभर वजा करून मिळतात. १९२२ मध्ये या सर्वांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट झाली व पलटणींना नवे अनुक्रम मिळाले. १०३ ती पहिली झाली, १०५ ती दुसरी, आणि ११७ ती पाचवी. आता घरातील सांगी अशी असते की, 'आमचे आजोबा काळ्या पाचवीत होते.' ऐकणारा साहजिकच पाचवी पलटण धरतो आणि ११७ च्या इतिहासात शोध करू लागतो. वस्तुतः 'काळी पाचवी' हे जुन्या पाचव्या मुंबई पलटणीचे, म्हणजे १०५ चे आणि पुढील दुसऱ्या पलटणीचे नाव होय. जनस्मृतीने पलटणीचा मूळचा आकडा पक्का धरून ठेवला, बदलत गेले ते सरकारी अनुक्रम. अशा ठिकाणी कौटुंबिक आख्यायिका खोटी ठरविण्याची घाई करू नये. कडेवर १०५ हा आकडा निघाल्यास आख्यायिका आणि धातू एकच गोष्ट सांगत आहेत असे समजावे.

हुद्द्याच्या बाबतीतही असाच विवेक हवा. घरात ज्यांना सुभेदार म्हणून ओळखतात त्यांच्या तकम्यावर 'सिपाही' असे असले तर त्यात विसंगती काही नाही. पदकावरील हुद्दा युद्धकाळातील असतो, निवृत्तीच्या वेळचा नव्हे. नावाचे प्रकरण मात्र खरोखर कठीण. कारकुनाने कानाला लागले तसे ते रोमनमध्ये लिहिले, त्यामुळे शिंद्यांचा 'सिंदे' होतो, पवारांचा 'पोवार' होतो. पित्याचे नाव बहुधा नसतेच. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोघे असणे अगदी संभवनीय. त्यांना वेगळे करतो तो केवळ क्रमांक. हे क्रमांक त्या काळी पलटणीपुरते असत, सबंध लष्कराचे नसत. म्हणून पलटण वगळून उतरून घेतलेला क्रमांक निरुपयोगी समजावा. भावांच्या वाटणीत तीन पदके तीन घरांत गेली असतील, तर ती एकाच पुरुषाची होती हे या क्रमांकाच्या जुळणीवरूनच सिद्ध होते.

ताऱ्यावरून एक काळमर्यादा निश्चित होते. ३१ डिसेंबर १९१५ पूर्वी जो रणक्षेत्रावर पोचला त्यालाच हा तारा मिळाला. १०३, ११० व ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून इराकात लढल्या, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत टाउनशेंडच्या हाताखाली कुट-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून शेवटी शत्रूच्या हाती पडल्या. तेव्हा या पलटणींपैकी एकीच्या नावाचा तारा घरात असणे हा त्या वेढ्याशी जुळणारा पुरावा आहे, पण निर्णायक नव्हे. शैबा किंवा टेसिफोनच्या लढाईत जखमी होऊन जो वेढ्यापूर्वीच माघारी पाठविला गेला, त्यालाही तोच तारा मिळाला. कुटच्या कैद्यांचा वाळवंटातील प्रवास आणि तॉरस पर्वतातील लोहमार्गावरील वेठ यांच्या कथा घराघरांत वाढत गेल्या असल्यास त्या तपासण्यासाठी तकम्याखेरीज डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचे कागद यांसारखे दुसरे काही हवे.

धातूकडेही लक्ष द्यावयास हवे. ब्रिटिश युद्धपदक सर्वांनाच चांदीचे मिळाले नाही. लेबर कोअरच्या माणसांना तेच पदक कांशात ओतून देण्यात आले. चिनी, माल्टी व भारतीय मिळून अशी सुमारे १,१०,००० पदके निघाली. घरात काळसर कांशाचे पदक निघाले म्हणजे ते नकली, अथवा आजोबांना कमी मान मिळाला, असे मानून ते बाजूस टाकण्याचे कारण नाही. बंदूक न धरता ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या मनुष्याचे नाव त्याच्याही कडेवर आहे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते चांदीच्या पदकाहून अधिक दुर्मिळ आहे.

नावाला एवढे महत्त्व का द्यावे, याचे उत्तर बसरा येथील स्मारकात आहे. मार्च १९२९ मध्ये उघडलेल्या या स्मारकावर इराकच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या व ज्यांच्या कबरी अज्ञात आहेत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. त्यांत भारतीय लष्कराचे साधे सैनिक तेहतीस हजारांवर. पण त्यांची नावे भिंतीवर कोरण्यात आली नाहीत, पलटणीगणिक केवळ आकडा दिला गेला. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाने या विषमतेवर अहवाल प्रसिद्ध करून दिलगिरी व्यक्त केली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत जे संगमरवरी फलक बसविलेले आहेत, तेही या गावातून इतके गेले व इतके परतले नाहीत, एवढेच सांगून थांबतात. याच्या उलट, शंभर वर्षे आधी कंपनी सरकारने भीमा-कोरेगावच्या स्तंभावर शिपायांची नावे कोरली. 'नाक' या प्रत्ययाची बावीस नावे तेथे वाचता येतात, म्हणूनच त्या लढाईतील महार शिपायांचा प्रश्न पुढील काळात पुराव्यानिशी मांडता आला. साम्राज्य वाढले तशी शिपायाची गणना वाढली आणि त्याचे नाव गळाले, असे म्हटल्यास ते फारसे चूक होणार नाही. बसऱ्याच्या भिंतीने जे नाव दिले नाही ते घरच्या तकम्याच्या कडेवर आहे. पंजाबकडील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयातील वह्यांमुळे उपलब्ध झाल्या. मराठी मुलखात ते काम घराघरांतील धातूवरून करावे लागेल.

आणि हा धातू झिजतो आहे. चांदीचे पदक सुमारे एक औंसाचे, म्हणून ते सोनाराकडे मोडीत जाणे फार सोपे. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव अचानक चढले तेव्हा जगभर असंख्य पदके आटविली गेली. ज्या घरांनी ते जपले त्यांच्याकडून वेगळाच घात होतो. दर दसऱ्याला चिंच लावून, राखेने घासून तकमा लखलखीत केला जातो. चेहरा उजळतो आणि कडेवरील बारीक अक्षरे बोथट होत जातात. चेहऱ्याची उठावदार आकृती पुष्कळ दिवस टिकते, म्हणून हा ऱ्हास कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा पदकाची कड तिरप्या उजेडात धरून वाचावी, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने तिचा ठसा घ्यावा, आणि अक्षरे आहेत तशी, कारकुनाच्या चुकांसह, उतरून घ्यावीत. 'सिंदे' असेल तर 'सिंदे'च लिहावे. लष्करी पटांत तो शिपाई त्याच नावाने नोंदलेला सापडण्याचा संभव अधिक.