डिझेलचा धूर : ट्रकची कोणती देखभाल फळते?

फाळणीच्या वेळी चकलाला येथून लष्करी वाहनांची तपासणी करणारी आस्थापना अहमदनगरला आली. वाहननगर येथील आजची व्हीआरडीई ही तिचीच पुढची अवस्था. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२६ व्या नियमाने नव्या वाहनांचे नमुने तपासण्याचा अधिकार ज्या संस्थांना दिला, त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर हिचेही नाव आहे. परंतु प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला नमुना वेगळा आणि लाखो किलोमीटर धावलेला, उसाच्या मोळ्या वाहणारा ट्रक वेगळा. या दुसऱ्याचा धूर गॅरेजमध्ये ठरतो. तिथे मालकापुढचा प्रश्न जुनाच असतो : कोणत्या कामावर पैसे घालावेत?

टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. त्या पिढीच्या इंजिनात डिझेलची मात्रा यांत्रिक पंप ठरवी, आणि मिस्त्री धुराच्या रंगावरून निदान करी. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. यांतला काळा धूर सर्वांत महत्त्वाचा, कारण तो मालकाच्याच पैशाचा धूर होता. उसाच्या फडातल्या धुळीने एअर फिल्टर बुजला की इंजिनाचा श्वास कोंडतो. झिजलेला नोझल डिझेलचा फवारा न करता ते थेंबाथेंबाने गाळतो. म्हणून फिल्टर साफ करणे, नोझलचा दाब तपासणे, पंपाचे कॅलिब्रेशन आणि व्हॉल्व्हचे अंतर ही कामे खर्च भरून काढीत. फिल्टर सर्वांत स्वस्त, म्हणून तो आधी. इंजिनाची 'आतून सफाई' करणारी बाटलीबंद द्रव्ये मात्र झिजलेला नोझल नवा करू शकत नाहीत.

कायद्याने याच धुराला मोजमाप लावले. ११५ व्या नियमाप्रमाणे ट्रक उभा ठेवून, गिअर न टाकता, ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा आणि धुराची दाटी पाहायची. मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके. बीएस-४ वाहनांसाठी ती पुढे ५० झाली. या चाचणीत एक पळवाट होती. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल तात्पुरते कमी केले की ट्रक पीयूसीत उत्तीर्ण होई, आणि माळशेजचा घाट चढण्यापूर्वी स्क्रू पुन्हा मूळ जागी येई. भरल्या ट्रकचा घाटातला धूर कोणी मोजतच नव्हते. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत येतच नाहीत. ज्वलन जितके प्रखर, तितकी ती वाढतात. म्हणजे काळा धूर घालवणारी दुरुस्ती कधी कधी या अदृश्य वायूत भरच घाली.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ च्या अहवालात इंधन आणि इंजिन एकत्र सुधारण्याचा मार्ग आखला. डिझेलमधील गंधकाची मर्यादा बीएस-२ मध्ये दशलक्षात ५०० भाग होती, ती बीएस-६ मध्ये १० वर आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाले. ट्रकच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर उतारा म्हणून ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण, म्हणजे डीईएफ, आले.

इथे मिस्त्रीची जुनी विद्या थिटी पडली. नव्या यंत्रणेची देखभाल केल्याने डिझेल वाचत नाही आणि न केल्याने लगेच धूरही दिसत नाही. मालकाचा हिशेब आणि हवेचा हिशेब वेगळे झाले. ते पुन्हा जुळवण्यासाठी डीईएफ संपले तर इंजिनाची ताकद कमी करण्याची तरतूद यंत्रातच केली आहे. खर्च टाळण्यासाठी कोणी शेतीचा युरिया पाण्यात विरघळवतो. त्या युरियाला निंबोळीचे आवरण असते, आणि अशा अशुद्धीने पिचकारी बुजते, उत्प्रेरक निकामी होतो. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च मग समोर उभा राहतो.

फिल्टरची गोष्ट अधिक नाजूक. अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जळून जाते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र तशीच साठत राहते. म्हणून कमी राखेचे, कंपनीने सांगितलेले ऑइल वापरणे हीच इथली फळणारी देखभाल. हंगामात साखर कारखान्याच्या काट्यापुढे तासन् तास इंजिन चालू ठेवून रांगेत सरकणाऱ्या ट्रकचे धुराडे पुरेसे तापत नाही. काजळी जळायची राहते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि ट्रक थांबवून फिल्टर जाळून मोकळा करावा लागतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात रांगेतला नंबर जातो.

म्हणूनच फिल्टर काढून टाकण्याचा मोह होतो. ठाकठीक इंजिनाचा ट्रक फिल्टर काढल्यावरही धुराच्या दाटीच्या चाचणीत सहज उत्तीर्ण होऊ शकतो. हे ओळखून नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून दाटीऐवजी कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. भारतातली पीयूसी अजून दाटीच पाहते.