दुसऱ्या गाठीचा निवाडा

फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे लोटल्यावर छातीत पुन्हा गाठ दिसली, तर ती जुन्याच रोगाने वर काढलेले डोके आहे की स्वतंत्रपणे जन्मलेला नवा रोग, हा प्रश्न एके काळी उद्भवतच नसे. कारण तो उद्भवण्याइतका रुग्ण जगत नसे. ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुईस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले. तो रुग्ण, जो स्वतःही डॉक्टर होता, पुढे सुमारे तीस वर्षे जगला, आणि ग्रॅहम मात्र १९५७ साली याच व्याधीने गेले. अशा वाचलेल्या माणसांच्या पाठोपाठ हा प्रश्न आला.

एका देहात दोन कर्करोग असू शकतात, हे व्हिएन्नाच्या बिलरोथ यांनी एकोणिसाव्या शतकातच मान्य केले होते. पण त्यांच्या अटी इतक्या कडक होत्या की पुष्कळ खरी प्रकरणेही त्यांत बसत ना. १९३२ मध्ये वॉरेन व गेट्स यांनी त्या सैल केल्या. फुप्फुसापुरता शिरस्ता मात्र १९७५ साली न्यूयॉर्कच्या मार्टिनी व मेलामेड यांनी घालून दिला: पेशींची जात भिन्न असेल तर रोग नवा, जात एकच असली, तरी मध्ये किमान दोन वर्षांची रोगमुक्त मुदत गेली असेल, किंवा गाठ दुसऱ्या खंडात असून दोहोंना सामाईक अशा लसिकामार्गात व फुप्फुसाबाहेर रोगाचा मागमूस नसेल, तरीही तो नवाच समजावा.

ही दोन वर्षांची मर्यादा अनुभवाने आखलेली होती, निसर्गाने नव्हे. संथ रोग तिच्या पलीकडेही परततो, आणि धूम्रपानाने सर्वत्र भाजलेल्या फुप्फुसात नवा रोग तिच्या आतही उपजतो. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ आज दोन्ही गाठींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पेशींची मांडणी ताडतो: एकीत त्या वायुकोशांच्या भिंतींवर अंथरल्यासारख्या, तर दुसरीत घट्ट भरीव पुंजक्यांत. त्यानेही निकाल लागला नाही, तर जनुकांची साक्ष काढली जाते. दोन्हींत तेच अनेक दुर्मिळ बदल आढळले तर कुळ एक, एकही समान नसेल तर कुळे दोन. केवळ एखादा सर्रास आढळणारा बदल जुळला, तर तेवढ्यावर फैसला करणे धाडसाचे.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. नवा, एकाकी रोग पुन्हा शस्त्रक्रियेने समूळ निघू शकतो. पसरलेल्या जुन्या रोगाला बहुधा सर्व शरीरावर चालणारे औषध लागते. आणि या निवाड्यात पहिल्या गाठीचा पुरावाच नसेल, तर तुलना कशाशी करावयाची? म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना कळकळीची विनंती, की पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल, काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेला ऊतीचा ब्लॉक कोठे आहे याची आजच चौकशी करावी, आणि तो आपल्या स्वाधीन झाला असेल तर उन्हाच्या तापापासून दूर, नीट सांभाळून ठेवावा.