मागच्या टायरवरचे आकडे आणि रुंदीचा मोह

१८९४ साली म्युनिक शहरात हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांची मोटारसायकल विक्रीस आली. कारखान्यात संख्येने तयार झालेली जगातील पहिली मोटारसायकल म्हणून ती ओळखली जाते. तिच्या इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. मध्ये गिअर नव्हते, चेनही नव्हती. पुढचे चाक २६ इंचांचे आणि मागचे २२ इंचांचे. हे मागचे भरीव चाकच फ्लायव्हीलचे काम करी. त्यामुळे मागच्या चाकाचे माप ठरले की गाडीची चालही ठरे. पुढे गिअर आणि चेन आली, पण हे नाते कधीच तुटले नाही. ते केवळ नजरेआड झाले.

प्रारंभीच्या टायरांवर बाहेरचा व्यास आणि रुंदी लिहिण्याची रीत होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काठात तार असलेले टायर रुळले आणि माप सांगण्याची पद्धत हळूहळू पालटली. ‘३.२५-१९’ म्हणजे टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांत हाच टायर ‘२६×३.२५’ असा आढळतो. १९ मध्ये सव्वातीन दोनदा मिळवले की साडेपंचवीस होतात, त्यालाच सव्वीस म्हणत. जुनी गाडी दुरुस्त करायला घेऊन २६ इंची रिम शोधत फिरणाऱ्याने एवढा हिशेब आधी करावा.

हाच ३.२५-१९ भारतात पिढ्यान्पिढ्या दिसला. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि तेथे तयार झालेल्या बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचे टायर असत. ही मोठी सोय होती. अन्यत्र मात्र मागचा टायर जाड ठेवण्याकडे कल होता, कारण इंजिनाची ओढ आणि पाठीमागे बसणाऱ्याचे वजन त्याच चाकावर येते.

१९६९ साली माल्कम अपहिल याने आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ट्रायम्फ बॉनव्हिलवरून ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीची फेरी मारली. बाजारात मिळणाऱ्या मोटारसायकलींच्या वर्गात हे प्रथमच घडत होते. गाडीला डनलॉपचे के-८१ टायर होते. या पराक्रमावरूनच त्यांना ‘टीटी-१००’ हे नाव पडले. त्यांची मापे ३.६० आणि ४.१० अशी चमत्कारिक वाटणारी होती, कारण ते टायर रुंदीच्या मानाने बुटके होते. तोवर उंची साधारण रुंदीइतकीच असल्यामुळे ती वेगळी सांगावी लागत नसे. आता लागू लागली. पुढे मिलिमीटरची मापे आली तेव्हा मधला आकडा याच कामी आला. ‘१००/९०-१७’ म्हणजे रुंदी १०० मिमी, उंची तिच्या ९० टक्के आणि रिम १७ इंचांची.

भारतात तरुणांच्या मनात रुंदीचा मोह रुजला तो २००८ साली, यामाहाच्या एफझी-१६ मुळे. तिच्या मागे १४०/६०-आर१७ मापाचा रेडियल टायर होता. १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स-१०० चा मागचा टायर होता २.७५-१८, म्हणजे जेमतेम ७० मिमी रुंद. रुंदी नेमकी दुप्पट झाली. बाहेरचा व्यास मात्र कागदावर मोजला तर आरएक्सचा ५९७ मिमी आणि एफझीचा ६०० मिमी भरतो. डोळ्यांना जे अवाढव्य वाटले ते उंचीला जवळजवळ तेवढेच होते.

त्याच वर्षी त्याच कंपनीने आर-१५ आणली. दोघींत वेगवान हीच, पण तिचा मागचा टायर होता १००/८०-१७. पुष्कळांना तो किरकोळ वाटला. वास्तविक १५० सीसीच्या हलक्या गाडीला वळणावर चटकन झुकण्यासाठी तो पुरेसा होता. तरीही रुंद टायरची मागणी हटेना. अनेकांनी टायरवाल्याकडे जाऊन त्याच रिमवर १३० चा टायर बसवला. पल्सर १५० च्या १००/९०-१७ च्या जागीही १२० किंवा १४० चे टायर चढू लागले.

अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचे दोन्ही काठ आत ओढले जातात आणि माथा फुगून गोल होतो. सरळ रस्त्यावर टेकणारी पट्टी वाढण्याऐवजी आक्रसते आणि टायर मधोमध लवकर झिजतो. वळणावर त्याच्या बाजू लवतात, काही गाड्यांत तो चेनला घासतो. शिवाय १००/९० ऐवजी १२०/८० बसवला तर चाकाचा व्यास १२ मिमीने, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी ओढ कमी होते. म्युनिकच्या त्या गाडीत उघड दिसणारे नाते इथे असे पुन्हा वर येते.

२०११ साली आर-१५ ची दुसरी आवृत्ती आली, ती १३०/७०-आर१७ घेऊन. पण यामाहाने नुसता टायर बदलला नव्हता. रिम रुंद केल्या, स्विंगआर्म ॲल्युमिनियमचा केला आणि वाढलेल्या व्यासामुळे घटणारी ओढ भरून काढण्यासाठी मागचे स्प्रॉकेटही मोठे दिले.