खालापुरातला मूळचा माणूस

मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना हमरस्ता पनवेल सोडून खालापूर तालुक्यात शिरला, की चौक गावाच्या शेजारी लोधिवली लागते. उत्तरेस प्रबळगड आणि इर्शाळगड, दक्षिणेस पाताळगंगेचे खोरे आणि त्या खोऱ्यात रसायनीपर्यंत पसरलेले कारखाने, असा हा मुलूख. येथील कोणत्याही चहाच्या टपरीवर दोन घटका बसावे, तर 'बाहेरची माणसे आली आणि आमच्या पोरांचे काम गेले' ही तक्रार कानी आल्यावाचून राहत नाही. याच तक्रारीवर महाराष्ट्रात दोन पक्ष उभे राहिले. त्यांपैकी एकाने पुढे राज्य केले आणि दुसऱ्याचे बळ ओसरत गेले. परप्रांतीयांस विरोध हेच ज्यांचे मूळ भांडवल, त्यांच्यापाशी अमलात आणण्याजोगे धोरण होते काय, याचा निवाडा शिवाजी पार्कवरील सभांवरून करण्यापेक्षा या रस्त्याच्या इतिहासावरून करावा असे मला वाटते. कारण मूळचा कोण आणि उपरा कोण, हा हिशेब येथे फार जुना आहे.

हा रस्ता मुळातच जाणाऱ्या-येणाऱ्यांचा. कोकणचे मीठ वर आणि घाटावरचे धान्य खाली आणणारे वंजाऱ्यांचे बैलतांडे बोरघाटाने चालत. वाटसरूंच्या सोयीसाठी नाना फडणविसांनी खोपोलीस बांधलेला तलाव आजही उभा आहे. 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता खुला झाला. आणि 1856 साली जी. आय. पी. रेल्वेने त्याच घाटात लोहमार्गाचे काम काढले, तेव्हा या निबिड डोंगरात माणसांचा असा लोंढा लोटला की 1861 च्या आरंभी सुमारे 42 हजार मजूर एकाच वेळी त्या चढणीवर राबत होते. घाटावरून, कोकणातून आणि त्याहून दूरच्या प्रांतांतून आलेली ही माणसे पटकीने आणि तापाने हजारोंच्या संख्येने दगावली. 1859 च्या आरंभी मजुरीच्या थकबाकीवरून त्यांनी दंगा केला. मूळचा कंत्राटदार फॅव्हिएल दूर झाला, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिच्या देखरेखीखाली काम पुढे चालून 1863 साली गाडी घाट चढली. या हकीकतीतील एक गोष्ट मनात धरून ठेवावी: या मुलखात मजुरांचा पहिला मोठा उद्रेक झाला तो मजुरी अडकवून ठेवणाऱ्या ठेकेदारीविरुद्ध. कोण कोणत्या प्रांतातला, हा प्रश्न त्या दिवशी कोणी कोणास विचारला नसावा.

पुढे 1915 मध्ये टाटांचे वीजगृह खोपोलीस चालू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली कोसळून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज देऊ लागले आणि वीज देऊन झाल्यावर पाताळगंगेस मिळू लागले. त्यामुळे पावसाळा सरताच रोडावणारी ही नदी बारमाही झाली. या पाण्यामागोमाग कारखाने आले. 1960 साली स्थापन झालेला हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना रसायनीस उभा राहिला आणि 1980 नंतर कृत्रिम धाग्यांचे व रसायनांचे खासगी कारखाने पाताळगंगेच्या काठी दाटले. भातखाचरे गेली, सातबाऱ्यावरचे खातेदार बदलले आणि 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द येथील बोलीत रुळला.

'स्थानिकांचा हक्क' या शब्दप्रयोगाचा पहिला अर्थ या जमिनींशी जोडलेला आहे. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्याच धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो बुडणाऱ्या जमिनीसाठी. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास देण्याची योजना निघाली. या मागणीला मोजमाप होते. खाते कोणाचे, क्षेत्र किती, मोबदला काय, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहता येत होते. आणि जाब विचारायचा तो सरकारला किंवा कंपनीला, शेजारच्या झोपडीतल्या मजुराला नव्हे.

दुसरा प्रवाह मुंबईतून आला, जरी त्याचे एक मूळ याच परिसरात सापडते. प्रबोधनकार ठाकरे यांचा जन्म 1885 साली पनवेलचा. त्यांच्या पुत्राने, बाळासाहेबांनी, 13 ऑगस्ट 1960 रोजी 'मार्मिक' सुरू केले आणि मुंबईच्या कचेऱ्यांत दाक्षिणात्य अधिकारी किती, याच्या नावांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' या सदरातून छापावयास आरंभ केला. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी प्राण दिले, त्याच्या राजधानीत मराठी कारकुनास जागा मिळू नये, ही वेदना खरी होती. ती कोत्या मनाची होती असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु नावांची यादी म्हणजे धोरण नव्हे. खुर्चीत कोण बसला आहे हे यादी सांगते. त्याला तेथे कोणी आणि कोणत्या नियमाने बसविले, हे सांगत नाही.

पुढे याच पक्षाच्या छायेत सुधीर जोशी प्रभृतींनी स्थानीय लोकाधिकार समितीचे काम उभे केले, त्याचा मात्र गौरवाने उल्लेख केला पाहिजे. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या भरतीच्या जाहिराती कोठे लागतात हे पाहणे, मराठी मुलांना अर्ज भरावयास आणि परीक्षेस बसावयास शिकविणे, भरतीच्या नियमांचा पाठपुरावा करणे, हे सारे चिकाटीचे आणि कष्टाचे काम होते, आणि त्याने हजारो घरांत चूल पेटली. या पक्षाच्या इतिहासात टिकाऊ धोरण शोधावयाचे, तर मला ते येथे सापडते. पण त्याची मर्यादाही येथेच. हे काम लिहित्या-वाचत्या तरुणाच्या उपयोगी पडले. लोधिवलीच्या पलीकडच्या कातकरी वाडीपर्यंत ते पोहोचले नाही.

9 मार्च 2006 रोजी राज ठाकरे यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेविषयी थोडक्यात सांगता येईल. 2008 मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन झाले, रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली, नाशिकहून मजूर गावी परतले आणि तेथील कारखान्यांत हात कमी पडले. 2009 साली पक्षाचे 13 आमदार निवडून आले. सप्टेंबर 2014 मध्ये पक्षाने महाराष्ट्राचा विकास आराखडा प्रसिद्ध केला. पाणी, रस्ते, शिक्षण अशा विषयांचा त्यात विचार होता, आणि एखाद्या पक्षाने इतके श्रम घेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याच वर्षी निवडून आला तो एकच आमदार. लोकांनी आराखडा नाकारला असे मी म्हणणार नाही. या पक्षाला त्यांनी आराखड्यासाठी कधी ओळखलेच नव्हते.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदान्वये सरकारी नोकरीस रहिवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे, आणि देशात कोठेही राहण्याचा व व्यवसाय करण्याचा हक्क एकोणिसावा अनुच्छेद देतो. खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांस राखणारा हरियाणाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला. महाराष्ट्रात 17 नोव्हेंबर 2008 च्या शासननिर्णयाने पर्यवेक्षकीय जागांत 50 टक्के आणि इतर जागांत 80 टक्के स्थानिक असावेत असे सांगितले. स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षे वास्तव्य असलेला इसम. हा हुकूम आहे, कायदा नव्हे, आणि त्याची पकड कारखान्यास मिळणाऱ्या सवलतींपुरती. शिवाय तो राज्याचा रहिवासी मोजतो. जळगावचा तरुण आणि ज्याच्या खाचरावर कारखाना उभा आहे तो लोधिवलीचा तरुण, त्याच्या लेखी सारखेच स्थानिक.

त्यातून कारखान्याच्या फाटकावर काय घडते ते पाहा. पाळी बदलण्याच्या वेळी गेटपास गळ्यात अडकवलेल्या कामगारांची रांग लागते. कायम कामगार थोडे, बाकीचे ठेकेदारांचे. झारखंडच्या मुलास आठ जणांच्या खोलीत ठेवून बारा तास राबविता येते, तो गणपतीला सुट्टीवर जात नाही, संघटना करीत नाही, हे ठेकेदारास ठाऊक; आणि मनुष्यबळ पुरविण्याचा, वाहतुकीचा, उपाहारगृहाचा ठेका पुष्कळदा गावच्याच पुढाऱ्याकडे असतो, हे गावास ठाऊक. परप्रांतीयांविरुद्ध सभेत टाळी घेणारा आणि त्यांना ट्रकभर आणणारा एकाच आळीत राहतो. या ठेक्यांच्या वह्या तपासण्याचा, समान कामास समान वेतनाचा आग्रह ज्या पक्षाने धरला नाही, त्याच्या भूमिपुत्रांच्या धोरणावर मी विश्वास ठेवू शकत नाही. कारण परक्याची मजुरी स्वस्त आहे तोवरच तो स्थानिकाच्या आड येतो.

आणि या मुलखात कातकऱ्याहून मूळचा कोण? खैराचा कात काढणारे म्हणून हे काथोडी. 1878 च्या वनकायद्याने रान सरकारचे झाले आणि तो धंदा बुडाला. कोठे कोठे रानातल्या दळीच्या जमिनी कसावयास मिळाल्या, त्यांचे दाखले मिळविण्यासाठी पिढ्या खपल्या. पुष्कळ वाड्यांत झोपडीखालची जमीनही दुसऱ्याच्या नावावर आहे. 80 टक्क्यांच्या हिशेबात ह्या माणसाला नोंदीची जागाच नाही, कारण तो फाटकाशी जातच नाही.

तो जातो वीटभट्टीवर. गणपतीच्या आसपास, घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम वाडीवर येऊन उचल देतो. ती वहीत लिहिली जाते आणि ज्याच्या नावावर लिहिली त्याला बहुधा ती वाचता येत नाही. दिवाळी झाली की टेम्पो येतो. त्यात भांड्यांची गोणी चढते, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या चढतात, म्हातारी चढते, शाळेत नाव असलेली पोरे चढतात, मागाहून कुत्रेही उडी मारते, आणि झोपडीच्या दाराला काटेरी फांदी लावून घरधनी शेवटी बसतो. कोणी पनवेल-कल्याणकडच्या भट्ट्यांवर, कोणी कोळसा पाडावयास सोलापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात, जेथे त्याची बोली कोणास कळत नाही आणि परप्रांतीय तोच असतो. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. पोरांच्या औषधाची आणि बाजाराची खर्ची वजा होते, विटा मुकादमाच्या मोजणीने मोजल्या जातात, आणि वहीच्या तळाशी जी बाकी निघते ती पुढल्या सालावर ओढून, त्याच नावापुढे, पुन्हा मांडली जाते.