काड्यांच्या जाळावरचं भरीत

मार्गशीर्ष लागला की यावल, रावेर, भुसावळच्या शिवारांतून कपाशीच्या वाळल्या काड्यांचा धूर उठू लागतो. हा धूर नाकात गेला की आमच्याकडच्या माणसाला वेगळ्या आवतणाची गरज उरत नाही. उत्तरेला सातपुडा, मधून तापी आणि दोहोंच्या मध्ये कापसाची काळी जमीन. याच जमिनीत बामणोदची हिरवी, लठ्ठ, कमी बियांची वांगी पिकतात. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या आजोबांनी ते कधीच देऊन टाकलं होतं.

आजोबा हिशेब सांगायचे तो असा. चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. तोवर कपाशीची वेचणी सरत आलेली, शेतात काड्यांचे ढीग पडलेले. सरपण फुकट, वांगं घरचं, शेंगदाणे घरचे. बाजारातून आणायचं काय, तर मीठ.

काड्यांचा जाळ झटकन भडकतो आणि लगेच बसतो. म्हणून जाळाजवळ जाणता माणूस लागतो. वांग्यांना तेलाचा हात लावून, टोचे मारून ती आरात मांडायची. साल काळी पडून फुटली आणि आतून पाणी सुटू लागलं की उलटायची. देठ धरून गरम गरम सोलायची, बोटं भाजली तरी. मग लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची. मिक्सरात फिरवलेल्या भरिताला आमच्याकडे कोणी भरीत म्हणणार नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप यांची भरपूर तेलात फोडणी, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून आजी जात्यावर कळणा दळायची. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद.

शेतातल्या भरिताचं हे सगळं काम पुरुषांचं. खानदेशी माणूस बोलायला रोखठोक, तिखटाला पक्का, असं सगळेच म्हणतात. मला वाटतं, त्याचा खरा स्वभाव या जाळाभोवती कळतो. दोघांपुरतं भरीत त्याला करताच येत नाही. वांगी मोजून घेतली तर जाळाजवळचा म्हातारा रागावायचा. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, हा रिवाज.

पण आजोबांनीच दुसरी गोष्टही सांगितली होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. त्यांच्या लहानपणी सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची, पंगत वेगळ्या बांधावर बसायची. वांगी त्यानेच पिकवलेली, काड्या त्यानेच उपटलेल्या, आणि पानात मात्र वरून वाढायचं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, नंदलाल बोसांनी बांबूने सजवलेलं नगर. पणजोबांनी तिथे बांबू वाहायला आपली बैलगाडी दिली होती. घरी येऊन ते म्हणाले, माणसं एका रांगेत जेवतात, पाहून आलो. आमच्या मळ्यात ती एक रांग व्हायला मात्र त्यानंतरही बरीच वर्षं लागली. आजोबा हे सांगताना खाली बघायचे.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आजीकडची. कपाशी करपली, काड्या गुडघ्याएवढ्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना तुटायची, आणि आजी त्या भाकरीला कधीच भाकरी म्हणाली नाही. विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर तिने वांग्याची मोजकी झाडं जगवली. त्यांचं भरीत झालं तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या सगळ्या गल्लीला घास घास दिला.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की हाच सोबतीचा रिवाज बायकांकडे जातो. आज एकीच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, उद्या दुसरीच्या. एकटीने बिबडे घालायचे ठरवले तर शेजारीण विचारते, आमचं काही चुकलं का?

आता कपाशीच्या काड्या ट्रॅक्टरच्या यंत्राने शेतातच बारीक होतात. जमिनीला ते चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे आमच्या गावातल्या तरुण पोरांनाही पटलंय. यंत्र लावण्याआधी ती बांधाकडेच्या दोन ओळींतल्या काड्या उपटून बाजूला काढतात, आणि आता भरिताची वर्गणी काढताना सालदाराकडे पैसे मागत नाहीत. पंगतीत त्याला आधी बसवतात.