एकटीची वाट : एमा गेटवूड आणि अ‍ॅपलाचियन ट्रेल

मंडळी, रानातून एकट्यानं चालणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एखादा धडधाकट तरुण येतो. आज आपण बोलणार आहोत ते 67 वर्षांच्या, 11 मुलांची आई असलेल्या एका शेतकरी बाईंबद्दल.

आधी वाटेविषयी थोडं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेतून एक सलग पायवाट असावी, ही कल्पना बेंटन मॅकाय यांनी 1921 मध्ये मांडली. गावोगावच्या हौशी मंडळींनी झाडी तोडून, खुणा रंगवून ती 1937 पर्यंत पूर्ण केली. जॉर्जिया ते मेन, 14 राज्यं, त्या काळी सुमारे 3,300 किलोमीटर! ही वाट एका मोसमात एकट्यानं चालल्याची पहिली नोंद 1948 ची, अर्ल शॅफर यांची. ते युद्धावरून परतलेले सैनिक होते.

आता एमा गेटवूड. त्या ओहायोच्या. नवऱ्याची मारहाण त्यांनी तीस वर्षांहून जास्त सोसली आणि अखेर 1941 मध्ये घटस्फोट मिळवला. पुढे नॅशनल जिओग्राफिकच्या एका अंकात त्यांनी या वाटेबद्दल वाचलं. 1954 मध्ये त्या मेनमधून निघाल्या. पण वाट चुकली, चष्मा फुटला, आणि शोधायला आलेल्या वनरक्षकांनी त्यांना घरी जायला सांगितलं. त्या गेल्याही. मात्र पुढच्याच वर्षी, 3 मे 1955 रोजी, त्या दुसऱ्या टोकाहून, म्हणजे जॉर्जियातून निघाल्या. मुलांना एवढंच सांगितलं, जरा चालायला जाते.

सामान काय होतं? घरी शिवलेली कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, एक घोंगडी आणि पाऊस अडवायला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, नकाशाही नाही! 146 दिवसांनी, 25 सप्टेंबरला, त्या मेनमधल्या कटाहडिन शिखरावर पोचल्या. ही वाट एका मोसमात एकटीनं पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

पण इथं आपण थोडं थांबायला हवं. 'एकटी' म्हणजे नेमकं काय? वाटेत कुणी जेवू घातलं, कुणी दार लावून घेतलं. वाट आखली होती अनोळखी स्वयंसेवकांनी. आणि जिथं ती झुडपांत हरवली होती, खुणा पुसल्या होत्या, तिथलं वर्णन गेटवूडबाईंनी वार्ताहरांना स्पष्ट शब्दांत ऐकवलं. वर्तमानपत्रांतून ते देशभर गेलं, आणि दुर्लक्षित झालेल्या वाटेकडे पुन्हा लोकांचं लक्ष वळलं.

म्हणजे बघा, एकट्याच्या चालण्यामागे अनेकांचे कष्ट असतात, आणि त्या चालण्यानं मागून येणाऱ्यांची वाट थोडी मोकळी होते. बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या धाकात, कुणाच्या ना कुणाच्या सेवेत असलेल्या बाईला एकटं असणं ही शिक्षा वाटली नाही; ती सुटका होती. 1957 मध्ये त्या पुन्हा पूर्ण वाट चालल्या. या वेळी त्यांना घरी जा म्हणायला कुणी आलं नाही.