बेळगाव ब्रिगेड आणि कुतचा वेढा : पाटीवरचा आकडा आणि माणसाचं नाव

आपल्या सीमाभागातल्या आणि पलीकडच्या कोल्हापूर-सातारा भागातल्या काही गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. सरकारने पहिल्या महायुद्धानंतर गावोगाव लावलेली. मजकूर सगळीकडे साधारण एकच : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली. फक्त आकडे. नाव एकाचंही नाही.

गेली काही वर्षं मी या पाट्या बघत फिरतो. गावात विचारलं की जुनी माणसं 'जर्मनची लढाई' एवढं सांगतात. पण आपल्याकडचे बरेचसे शिपाई जर्मनीशी लढायला गेलेच नव्हते. ते गेले बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढायला. या टिपणात त्या मोहिमेबद्दल आणि तिच्यातल्या कुतच्या वेढ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. त्याशिवाय पाटीवरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

तेव्हा निपाणी, चिकोडी, बेळगाव हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता. शेजारी कोल्हापूर संस्थान. बेळगावचा कॅम्प म्हणजे लष्कराची मोठी छावणी. मेसोपोटेमियात जी फौज पाठवली ती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात तीन ब्रिगेड होत्या : १६ वी पुण्याची, १७ वी अहमदनगरची आणि १८ वी बेळगावची. नाव छावणीवरून पडलेलं, त्यामुळे बेळगाव ब्रिगेडमधले सगळे बेळगावचे असं समजायचं कारण नाही. तिच्यात नॉरफोक रेजिमेंटचे गोरे होते, राजपूत होते, आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री नगरच्या ब्रिगेडमध्ये, तर ११७ वी मराठा पलटण पुण्याच्या. या तिन्ही पलटणींत भरती व्हायची ती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांतून. नावात 'मराठा' असलं तरी या पलटणींत दख्खनी मुसलमानही होते, हे आपण सहसा विसरतो. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

२२ नोव्हेंबर १९१४ ला बसरा पडलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शैबा, जुलैत नासिरिया, सप्टेंबरअखेर कुत. एकामागून एक विजय मिळत गेले, आणि वरच्यांना बगदाद दिसू लागलं. डिव्हिजनचा प्रमुख होता मेजर जनरल टाउनशेंड. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. अकरा-बारा हजारांच्या फौजेतली साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेली फौज ३ डिसेंबरला परत कुतला आली आणि तुर्कांनी तिला तिथेच कोंडलं. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला.

कुत हे टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खंदक. पावसाळ्यात नदीचं पाणी खंदकात शिरायचं. धान्य होतं, पण दळायची सोय अपुरी. शेवटी विमानातून जात्याचे दगड खाली टाकले, आणि एप्रिलमध्ये पिठाची पोतीही. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न म्हणतात. पण ते पुरलं नाही. रोजचं पीठ कमी होत होत काही औंसांवर आलं.

मग घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नकार दिला. इंग्रजी पुस्तकांत हा नकार बहुधा अडाणी हट्ट म्हणून येतो. मला तसं वाटत नाही. घरापासून हजारो मैलांवर, भाऊबंदांच्या शेजारी खंदकात बसलेला माणूस उद्या गावी परतल्यावर पंगतीत कुठे बसणार, याचा विचार करणारच. पलटणीत एकाच गावचे, एकाच भावकीचे कितीतरी असायचे. इथे काय खाल्लं हे तिथे कळल्याशिवाय राहत नव्हतं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली, तरी बहुतेक जण एप्रिल उजाडेपर्यंत तयार झाले नाहीत. तोवर भाजीपाल्याअभावी हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली होती. माणसं रानातला पाला उपटून शिजवत होती.

सोडवायला आलेल्या फौजेने जानेवारीपासून एप्रिलपर्यंत धडका मारल्या. तिचीच सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. कुत सुटलं नाही. २९ एप्रिलला टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यात मोठा भाग हिंदी शिपायांचा आणि त्यांच्यासोबतच्या भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाल्यांचा.

नेतृत्वाची खरी परीक्षा इथून पुढे आहे. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि युद्ध संपेपर्यंत तो तिथे आरामात राहिला. अधिकाऱ्यांना वेगळं काढून नदीतून बोटीने बगदादला नेलं. शिपायांना मात्र उन्हाळ्यात, अर्धपोटी, पायी चालवलं. बगदाद, मोसूल, तिथून रास-अल-ऐन. शेकडो मैल. तिथे बर्लिन-बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. या वाटेवर शिपायांसोबत उरले ते हवालदार, नाईक, आणि शेजारच्या गावचा कोणीतरी. हजारो मेले. कोण कुठे पडला याची नोंद ठेवायला तिथे कोणी नव्हतं.

या वेढ्यातल्या कामगिरीबद्दल ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १९१८ मध्ये शरकतला नाव काढलेल्या ११४ व्या पलटणीचं प्रशिक्षण केंद्र बेळगावात आलं. तेच आजचं आपलं मराठा सेंटर. तिथलं शरकत युद्धस्मारक अनेकांनी पाहिलं असेल. कुतच्या तिन्ही पलटणींचा वारसाही याच रेजिमेंटकडे आला.

मग नावांचं काय झालं? बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं. त्याच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. म्हणजे गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून ते स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

पण नावं हरवलेली नाहीत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत ती आहेत आणि आता घरबसल्या शोधता येतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही. अडचण एकच, गोऱ्या कारकुनाने आपल्या गावांची आणि आडनावांची जी स्पेलिंगं केलीत ती सहज ओळखू येत नाहीत. नुसत्या आडनावाने शोधू नका. पलटण आणि जिल्हा धरून यादी काढा आणि नावं मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेलं गाव कानाला कळतं, असा माझा अनुभव आहे. ते काम आपल्या भागातल्याच माणसाने करायला हवं, कारण चिकोडी तालुक्यातली वाडीवस्ती लंडनमध्ये बसून कोणाला ओळखू येणार नाही.

दुसरं काम जास्त घाईचं आहे. जुन्या चावड्या पाडून नव्या इमारती होताहेत आणि पाटी राडारोड्यात जाते. निपाणीच्या अलीकडे-पलीकडे, कर्नाटक असो वा महाराष्ट्र, कन्नड बोलणारं घर असो वा मराठी, पाट्या त्याच आहेत आणि माणसंही त्याच पलटणींत होती. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर फोटो काढा, त्यावरचे दोन्ही आकडे आणि ती कुठल्या भिंतीत आहे ते लिहून ठेवा. घरात पलटणीचं पदक, पेन्शनचा कागद किंवा 'पणजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही' एवढी आठवण असली तरी मंडळाला कळवा. पाटीवरचा दुसरा आकडा आणि यादीतली नावं जुळतात का, हे गावागणिक तपासायला आम्ही सुरुवात केली आहे.